पाचव्या लीगमध्ये

संघ घसरत घसरत पाचव्या लीगमध्ये आला,
पण लिव्होर्नोच्या स्टँडात दुइलियोचं लाल निशाण तेवढंच राहिलं:
अकरा चादरींचं, गोदीतल्या बायकांनी शिवलेलं.

समोर आज कुठल्याशा डोंगरगावाचा संघ.
समर्थक सतरा, कुत्रा धरून.
तरी आम्ही घसा फोडून ओरडलो,
"फॅसिस्टांनो, चालते व्हा!"

त्यांचा गोलकीपर,
कानामागे अजून पीठ,
मागे वळला. "मी?
मी पहाटे तीनपासून पाव भाजून आलोय."

आधी कुणी हसलंच नाही.
मग सदतीस वर्षं क्रेन चालवलेल्या दुइलियोनं
निशाणाची काठी खांद्यावरून उतरवली
आणि कठड्यावर वाकून विचारलं,
"युनियन आहे का रे तुमची?"

"मालक सासराच आहे," तो म्हणाला,
आणि त्याच्या पाठीमागून गोल झाला.