दोन्ही नावांची व्यक्ती

सेंट्रल बिल्डिंगच्या मागच्या बैठ्या कचेरीत
वाघचौरे बाई माझी नऊ वर्षं
स्पंजाला बोट लावून उलटतात.

दर महिन्याला कापलेलं,
आधी सोळाशे बारा, मग सतराशे चाळीस,
महागाई भत्ता वाढला की अजून थोडं.
त्या ओळीकडे मी कधी पाहिलंच नाही.
नजर थेट खाली जायची,
हातात येणाऱ्या आकड्यावर.

"मॅडम, इथे तुम्ही जोत्स्ना आहात.
बँकेत ज्योत्स्ना.
पैसे जोत्स्नाचे आहेत."

म्हणजे एक य कमी असलेली कुणी बाई
नऊ वर्षं माझ्याच पगारातून
स्वतःचं म्हातारपण साठवत होती.
मी बोऱ्हाडे, भूकरमापक,
दोन भावांच्या भांडणात टेबल मांडून
वीतभर जमीन कुणाची ते सांगणारी,
आणि माझ्याच नावाची हद्द
कुणी मोजली नव्हती.

"प्रतिज्ञापत्र लागेल," बाई म्हणाल्या.
शिवाजीनगर कोर्टाच्या फाटकाबाहेर
टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच असतो,
फक्त नावं बदलायची:
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मीच आहे.
त्यानं विचारलं, "बरोबर ना?"
मी चहा संपवला.
पाऊण मिनिट तरी लागलं असेल.
मग म्हटलं, हो, छापा.

नोकरी सोडण्याचं कारण, या रकान्यात
मी तेव्हा लिहिलं होतं: वैयक्तिक.
रकाना तेवढाच होता.

परत गेले तर बाईंनी आणखी एक पान दुमडून ठेवलेलं.
"ऑगस्ट ते ऑक्टोबर निरंक दिसतंय.
कपात आहे, जमा नाही.
कुठे होता तेव्हा?"

वेल्ह्याला. प्रतिनियुक्तीवर.
बुटात जळवा, भिजलेले नकाशे,
आणि जीपमध्ये बसूनच बोलणारे साहेब:
कागदावर बारा फूट इकडचे तिकडे झाले
तर डोंगराला काय कळतंय?
सही मी केली नाही.
त्यानंतरही सात वर्षं राहिले, ते सोडा.
पण दफ्तरात मी
त्याच तीन महिन्यांत नाही.

"किती होतील? पाच हजार दोनशे वीस.
त्यापायी फाईल वेल्ह्याला जाणार,
तिथून कोषागारात, मग परत इथे.
तीन महिने सोडून दिलेत तर
मंगळवारी धनादेश काढते.
आणि एक, परतावा घेतला
की मागची सेवा शून्य धरतात बरं का."

बाई वाईट नव्हत्या.
डब्यातली चकली पुढे केली त्यांनी.
पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला
बिनमुठीचा पंच त्यांनी बाजूला घेतला.

सेवा शून्य धरा, मी म्हटलं.
आठ वर्षं नऊ महिने, हवं तर सगळं धरा.

आणि त्यांच्याकडून एक कोरा कागद मागून
तिथेच बाकावर बसून लिहायला घेतलं:
विषय, ऑगस्ट ते ऑक्टोबर.
खाली सही करताना
य जरा मोठाच काढला.