शेपटीतला सूर

फ्लीटवुडच्या दवाखान्यात नर्स लोरेनला बाजूला घेते.
सांगते, आईला विचारताना
उत्तर आधीच प्रश्नात घालून देऊ नका.
मघाशी तुम्ही म्हणालात,
'गोळी घेतलीस तू, हॅवन्ट यू?'
त्यावर ती हो म्हणणारच.
कुणीही म्हणेल.

लोरेनला हे कधी कुणी शिकवलं नव्हतं:
होकारी वाक्याला नकारी शेपूट,
नकारी वाक्याला होकारी,
आणि दर वेळी क्रियापद बघून नव्यानं बेतायचं.
आपला एक 'ना' कुठल्याही वाक्याला चालतो,
घरातल्या एकुलत्या छत्रीसारखा.
तिची जीभ मात्र न बघता बेतायची,
धक्क्यावर आईची सुरी हॅडॉकच्या काट्यालगत
न बघता फिरायची, तशी.

'दार लावलंस, डिडन्ट यू?'
'उपाशी नाहीस, आर यू?'
प्रत्येक वाक्याच्या टोकाला बोटभर दोरी,
आईनं धरायची, की झालं.
हो गं. नाही गं.
सहा महिने दोघींचं बरं चाललं होतं.
मग चहाच्या जुन्या डब्यात
एकोणीस गोळ्या निघाल्या.

त्या रात्रीपासून सरळ प्रश्न.
'आज काय खाल्लंस?'
ऑड्री बघत राहते.
ओहोटीनंतर समुद्र मैलभर मागे सरकतो इथं,
आणि नुसती ओली वाळू,
कुठं पाय ठेवावा ते कळत नाही.
खाली ट्रॅम येते, थांबते, जाते.
'काहीतरी खाल्लं असशील...' लोरेन सुरुवात करते
आणि जीभ चावते.

मग ऑड्रीच विचारते,
'रॉनी आला नाही का अजून?'

आला का, असं नाही.
'आला का' म्हणजे नुसती चौकशी,
शेजारीणही करेल.
'आला नाही का' मध्ये ताट मांडलेलं असतं,
ओव्हन मंद केलेला,
घड्याळाकडे दोनदा बघून झालेलं.
बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
या प्रश्नाचं काय करायचं
ते नर्सनं सांगितलं नव्हतं.

आपण म्हणालो असतो, हो, नाही आला.
आधी विचारणारीला होकार, मग बातमी.
इंग्रजीत तेवढी सोय नाही.
तिथं 'नो' म्हणायचं,
आणि 'नो' खरंच होतं.
लोरेन म्हणाली, 'नो. नॉट येट.'
खोटा होता तो फक्त 'अजून'.
आईनं मान हलवली, ओव्हनकडे बघितलं.
तो गेल्या महिन्यातच काढून नेला होता.

झोपताना पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून
ऑड्री तिच्याकडे खूप वेळ बघते.
'तू आमची लोरेन, आरन्ट यू?'

इथं सगळं शेपटीच्या सुरावर असतं.
सूर खाली उतरला तर तिला माहीत आहे,
नुसती मान डोलवायची.
वर चढला तर ती खरंच विचारतेय.
नेमकी तेव्हाच शेवटची ट्रॅम
वळणावर किंचाळली,
आणि शेपूट त्यात गेलं.

लोरेन म्हणाली, 'हो.'
पुन्हा विचार, असं म्हणाली नाही.