खडे

लहानूबाईनं पिल्लू उताणं टाकलं तळहातावर.
"पाह्य. झटक्यात सरळ होते ते घेजो.
आभाळाकडे पाहत रायते
ते दुसऱ्याले ठेवजो."

टोपलीत साठेक पिल्लं. काही गुलाबी रंगवलेली,
ती आधी बाजूला: रंग दिला म्हणजे काहीतरी झाकायचं आहे.
मग बेंबी सुकली का, बोटं सरळ का,
शेपटीखाली कोरडं का,
डोळा भिजल्या चिंचोक्यासारखा आहे का.
बायलर नको म्हणाली. चाळीस दिवसांत
स्वतःच्याच वजनाखाली बसून जाते.
आपल्याला पळणारं पाहिजे,
बोका दिसला तर कवेलूवर चढणारं.

बारा घेतली. बुटाच्या खोक्यात, एसटीत, मांडीवर.
कंडक्टरनं विचारलं, यांचं तिकीट?
म्हटलं, उभ्यानं येतात.

होळी नुकतीच झालेली, रात्री अजून गार.
बल्ब लावला की लाईन जायची,
म्हणून चुलीतली वीट गोणपाटात गुंडाळून
खोक्याच्या कोपऱ्यात. सातव्या दिवशी
प्रत्येकाच्या डोळ्यात लसीचा एक थेंब.
अंगणवाडीत मी लेकरांना धरते तसंच धरलं,
फक्त रडलं कोणी नाही.

एक तरीही पाण्याच्या ताटलीत बुडालं,
दोन बोटं पाण्यात.
एक घारीनं नेलं माझ्या देखत, मी सूप घेऊन धावले, उगाच.
नवतप्यात तीन गेली, दुपारी,
चोची उघड्या, पंख अंगापासून दूर धरून,
जणू अंगच कोणाला तरी परत द्यायचं होतं.

उरलेली सहा मात्र वाढली.
कणी, ज्वारीचा चुरा, शेवग्याचा पाला,
आणि पाऊस लागल्यावर वाळवी:
फुटक्या मडक्यात शेण, पोतं, मडकं उलटं बांधावर,
सकाळी उचललं की पांढरी वळवळ
आणि माझ्या पायांवरून सहा जणांची धाव.

"नाव नको ठेवजो" असं लहानूबाई बोलली होती.
आचलनं ठेवलंच. लाल तुऱ्याचा, तो सरपंच.
पहाटे चारला सभा बोलवायचा.
किराणावाल्याच्या काट्यावर दोन किलो दीडशे भरला,
आणि मी मनात पोळ्याची कर मोजली.

याआधी हे काम त्याचं असायचं.
तो करायचा तेव्हा मी आत कांदा चिरत असे,
मुद्दाम जोरात.
या वर्षी सुरी मीच घासली दगडावर.
लहानूबाईनं दाखवलं, पंख पायाखाली असे,
मान अशी, आणि हात डगमगू द्यायचा नाही,
डगमगला तर त्याला दुखतं, आपल्याला नाही.
मी डगमगले नाही.
नंतर मोरीत बराच वेळ हात धूत राहिले.

पथरी चिरली.
कोंबड्याला दात नसतात, तो खडे निवडतो,
अंगणभर चालत, एकेक, मान तिरपी करून,
मी त्याला निवडलं त्याहून जास्त वेळ लावून.
आत भाताचं तूस, बारा-पंधरा खडे,
आणि हिरव्या काचेचा एक तुकडा.
कडा इतक्या घासलेल्या
की जिभेवर ठेवला तरी कापणार नाही.

अंगणात हिरव्या बांगड्या एकदाच फुटल्या होत्या,
मागच्या मार्गशीर्षात.
बायकांनी झाडून घेतलं होतं. सगळं, म्हणाल्या होत्या.

आचलनं आधी नुसता रस्सा घेतला.
मग विचारलं, हा सरपंचच ना?
हो म्हटलं.
जरा थांबून तिनं तंगडी मागितली.
जवसाच्या तेलाचा वास होता घरभर,
तांदळाच्या भाकरी कमी पडल्या.

तुकडा कोनाड्यात आहे, काडेपेटीच्या डबीत.
दिवाळी झाली की पुन्हा बाजार.
खुडूक बसली तर तांबडीखाली अंडी ठेवेन,
नाहीतर टोपलीशी बसेन, उताणं टाकेन एकेक हातावर,
आणि पाहीन कोण उठतं.