डावीकडची यादी

केमियार्वीच्या रस्ते-डेपोत संगणक एकच,
खुर्चीही एकच.
दिवसा मी, रात्री रेइनो.
तो उंच, म्हणून रोज सकाळी
खुर्ची चार बोटं खाली घ्यावी लागते.
नऊ वर्षं आम्ही भेटतोय ते दारातच,
तो टोपी घालत असतो, मी काढत असते.

मार्चमधला मंगळवार. बर्फ नाही, फोन नाही.
नांगराच्या गाड्या शेडमध्ये गप्प,
पात्यांखाली पाण्याची डबकी.
मी फाइलींची खिडकी उघडली
आणि डावीकडे पाहिलं,
नीट, बहुधा पहिल्यांदाच.

एकतीस शॉर्टकट.
"मीठ." "मीठ नवीन." "मीठ हेच वापर."
"शाळेची बस", जी शाळाच आता बंद आहे.
"पुन्हा बघ."
"पुन्हा बघ २."
"खरंच पुन्हा बघ."
माणूस स्वतःशीच किती वेळा
हात जोडून बोलतो!

एकावर टिचकी मारली.
मार्ग सापडत नाही, म्हणाला संगणक.
इथे बसून हे म्हणायचं?
वाट सापडवून देण्याचाच आम्हाला पगार मिळतो:
बर्फाखाली डांबर कुठे, चर कुठे,
कुठे नुसतंच तळं,
हे काठाने रोवलेल्या लाल काठ्यांवरून ओळखायचं.
इथे तर काठ्या जागच्या जागी
आणि खालचा रस्ताच कुणी उचलून नेलेला.

काढत गेले.
शॉर्टकट काढला म्हणून फोल्डर जात नाही,
दारावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही,
हे मला ठाऊक आहे, बोटाला नाही.
बोट दर वेळी जरा थांबतं.

चौथ्या जागेवर, मीठ आणि डिझेलच्या मध्ये:
"लेम्पी."

आत एकच कागद.
मंगळवार, गुरुवार, शनिवार.
डायलिसिसची टॅक्सी, सकाळी सहा.
तळ्यापलीकडचा फाटा, तीन किलोमीटर, घर एक.
आमच्या वेळापत्रकात तो फाटा दुपारी येतो,
सगळ्यात शेवटी.
रेइनो मात्र पहाटे चार चाळीसलाच
नांगर तिकडे धाडायचा,
प्रत्येक तारखेपुढे बरोबरची खूण.
चार हिवाळे. मला पत्ता नाही.
शेवटची खूण एकोणीस जानेवारीची.

त्यापुढे पान कोरं.
लेकाकडे गेली असेल, दक्षिणेला.
किंवा, असो.
मी डिझेलचा हिशेब काढला.
जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला,
मंगळवार, गुरुवार, शनिवार
सहा किलोमीटर जास्तच.
जाऊन तीन, येऊन तीन.
कुणासाठी, ते लिहिलेलं नाही.

वाट वापरात असली की मळते,
नसली की मोडते, हे झालं मातीचं.
बर्फातली वाट रोज रात्री मोडते,
कुणी येणार असो, नसो.
ती उघडी ठेवायची तर
रोज नव्यानं कुणाला तरी उठावं लागतं.

यादीत सहा नावं ठेवली.
लेम्पीला हात लावला नाही,
वर नेलं नाही, खाली नेलं नाही.
चौथीच्या जागी चौथी, तेवढ्यासाठी
मिठाचे दोन जास्तीचे शॉर्टकट
होते तसे राहू दिले.
आता पाहणाऱ्याला वाटेल,
बाईंनी काम अर्धवट टाकलं.

दुसऱ्या दिवशी दारात रेइनो म्हणाला,
"आवरलंस."
मी म्हटलं, "थोडंसं."
त्यानं टोपी कानांवर ओढली.
खुर्ची नेहमीसारखीच उंच.

डावीकडे आता सात.
रात्रीतून परत आलं होतं
"खरंच पुन्हा बघ."
उघडलं. रिकामं.
त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं,
मग कालचा डिझेलचा कागद ओढला.
सहा किलोमीटर जास्त.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: रस्ता,
आणि सही केली.