ओळ चार

गुरुवार. घरी नळाला पाणी नाही,
म्हणून साडेसातलाच लॅब उघडली.
पाषाण रस्त्यावर बेकरीचं शटर अजून अर्धंच वर.

ओजस्विनी केंजळे यांची भाषा चढवायची आहे नव्या मशीनवर.
जगात ती सात जणांना येत असे.
त्यातला एक आता हिंजवडीत बँकांची कामं करतो
आणि विचारलं तर म्हणतो, कुठली भाषा?

सूचना पाच ओळींच्या.
चौथ्या ओळीत: यापुढे सोपं आहे.
तिथंच अडलो सव्वादोन तास.
एक लायब्ररी हवी, तिला तिच्याहून जुनी हवी,
त्या जुनीला आणखी एक,
लग्नाच्या यादीत मामामागून मामाचा साडू यावा तशी.
शेवटची सापडली कपाटात, सीडीवर.
वर मार्करनं: टाकू नये.
अक्षर माझंच.

नियम या भाषेचा एकच.
हातात घेतलेलं एकदा वापरायचं,
दोनदा नाही,
आणि न वापरता ठेवायचंही नाही.

पाच आणि सात मिळवायला सांगितले.
चुकांचे निरोप केंजळेंनी मराठीत लिहिलेत,
प्रबंध तपासणाऱ्यांनी काय केलं असेल कोण जाणे:
ओळ ३. 'क' मागून घेतलात आणि विसरलात.
बरं, वापरला.
ओळ ६. 'क' देऊन झालाय. दिलेलं परत मागू नये.
एकटाच हसलो. मग मागं वळून पाहिलं.

खिशात कालचं बसचं तिकीट,
परवाच्या औषधाची चिठ्ठी,
टेबलावर दोन बाटल्या पाणी, बुधवारी भरलेलं.
फोनमध्ये एक नंबर, बारा वर्षांपूर्वी घेतलेला:
'अडलात तर करा, रात्री दहापर्यंत.'

यूपीएस दोनदा ओरडला, गप्प झाला.
अकरा चाळीसला पडद्यावर आलं:
१२
बाकी काही नाही. शाबासकी वगैरे तिनं लिहिलेली नाही.

चौथी ओळ खोडली. तिथं लिहिलं:
सोपं नाही. सीडी कपाट दोन, वरचा खण.

मग नंबर लावला.
चालली?
चालली.
किती आलं?
बारा.
बरं, म्हणाली, आणि थोडं थांबली.
ती चौथी ओळ मी घाईत लिहिली होती.
बदलली, म्हटलं.
तिकडे कुकरची शिट्टी झाली.
मोजत असावी,
कारण आणखी काही बोलायच्या आधी
स्वतःशीच म्हणाली, तीन.