शंभरपर्यंत

शब्द माझा आहे, हे आधीच सांगून टाकते.
अंबडच्या शेडमध्ये, पंखा बंद पडलेल्या मे महिन्यात
क्षेमकल्याणी सर सांगत होते, मी लिहून घेत होते:
चकतीवरच्या पारदर्शक थराची जाडी
शंभर मायक्रॉनपर्यंत.
शंभर म्हणजे किती, विचारलं तर म्हणाले,
तुझ्या वेणीतला एक केस, जरा जाडसर.
वाचून दाखव, म्हणाले.
मी वाचलं.
सर म्हणाले, ठीक.

मग ते इंग्रजीत गेलं, शिक्का बसला,
आणि पंधरा वर्षं त्या शब्दाकडे
कोणी ढुंकून पाहिलं नाही.

आता पाहतायत.
समोरच्या कंपनीचा थर नेमका शंभर.
नव्याण्णव नाही, एकशे एक नाही,
तीन प्रयोगशाळांत मोजून शंभर.
त्यांचा वकील म्हणतो, पर्यंत म्हणजे अलीकडे.
वाट वेशीपर्यंत जाते, महाराज,
वेस ओलांडत नाही.

आमची वकील शाहीन कोकणी.
शरणपूर रोडला, दाताच्या दवाखान्यावर तिचं ऑफिस.
अपील मुंबईत, आम्ही पडद्यावर;
खाली ड्रिल सुरू झालं की ती माइक बंद करते.
ती म्हणाली, शंभर आत घेतलं तर हे लोक सापडतात.
पण त्यांनी एक जुना जपानी कागद उकरून काढलाय,
आपल्या आधीचा,
त्यातही थर शंभरच.
म्हणजे शंभर आत घेतलं
तर तो कागद आपलं पेटंटच गिळतो.
बाहेर ठेवलं तर पेटंट वाचतं
आणि चोर शिट्टी वाजवत घरी जातो.
सांगा आता, एका तोंडाने दोन्ही कसं बोलू?

मी म्हटलं, गावात एक आहे की
दोन तोंडांचा.

दुतोंड्या मारुती.
गोदेला पूर आला की अख्खं नाशिक त्याच्या अंगावर मोजतं,
पाणी गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत.
फोनवर कोणी विचारत नाही
कंबर भिजली का नुसती टेकली.
कमरेपर्यंत म्हटलं
की भांडीबाजार माल उचलायला लागतो.

शाहीन हसली. हे रेकॉर्डवर येणार नाही, म्हणाली.
तरी तिने वहीच्या कडेला काहीतरी लिहिलं.

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला.
लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते इथे चालत नाही,
म्हणाले,
या विषयातला जाणकार माणूस काय वाचेल
तेवढंच सांगा.
लिहिणारी मी, कॅमेऱ्याच्या बाहेर,
पाण्याची बाटली धरून.
जाणकार माणूस माझ्या शेजारी,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
पडद्याकडे कान करून बसलेला.
त्याला कोणी विचारलं नाही.

निकाल राखून ठेवला.
पेटंट संपायला चौदा महिने उरलेत.
तेही वीस वर्षांपर्यंतच;
शेवटचा दिवस आत की बाहेर,
मी विचारणार नाही.
आणि चकत्या आता लावतं कोण?
दिंडोरीला माझ्या आतेभावाने
द्राक्षबागेत टांगल्यात,
पाखरं बिचकतात म्हणून.
ऊन पडलं की त्या थरातून
सगळे रंग बाहेर येतात,
आमचा कुठला, त्यांचा कुठला,
मला तरी ओळखता येत नाही.

परतताना सर म्हणाले, रिक्षा घाटावरून घे.
गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं.
कुठपर्यंत आलंय?
मी उतरून पाहिलं.
पाणी मारुतीच्या पावलांशी यायचं,
लागायचं,
की लागायच्या आत फिरायचं,
सांगता येईना.
पायापर्यंत, मी म्हटलं.
सर म्हणाले, ठीक.

धूप विकणारी बाई मात्र
टोपली उचलून
एक पायरी वर जाऊन बसली.