विषय का निवडलात?

फॉर्मवर दोन ओळींचा रकाना होता.
मी लिहिलं: देशात छातीचे सर्जन कमी आहेत.
खोटं नव्हतं ते.
उलानबातरच्या हिवाळ्यात कोळशाचा धूर
काचेला आतूनही लागतो,
वॉर्डातली मुलं खोकताना
पलंगाची लोखंडी कड धरतात.

बाकीचं त्या रकान्यात मावलं नसतं.

गेरच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला
बाबा मेंढी उताणी पाडायचे.
गळ्याला सुरी नाही.
छातीच्या हाडाखाली मनगटापुरता छेद,
आणि हात आत.
मी पुढचे पाय धरायचे. नऊ वर्षांची.
बाबांची नजर मेंढीवर नसायची,
टेकडीपलीकडे कुठेतरी,
अंधारात खिसा चाचपणाऱ्या माणसासारखी.
मग दंड किंचित वळायचा.
रक्ताचा थेंब मातीला लागू द्यायचा नाही, ही रीत.
मेंढी माझ्याकडे बघता बघता
कुणाकडेच बघेनाशी व्हायची.

आत काय असतं, मी एकदा विचारलं.
"ऊब," म्हणाले.
सुरी पुसून झाल्यावर: "आणि कण्याला धरून एक दोरी.
उड्या मारते."

होव्दचा मुलगा, अकरा वर्षांचा,
हृदयाची झडप आखडलेली.
डॉक्टर ओयुनदारी म्हणाल्या, बोट ठेव इथे.
ठेवलं.
तीच. ओळखीच्या घरात
मागच्याऐवजी पुढच्या दाराने शिरावं, तशी
लगेच ओळखली मी.
मग क्लॅम्प. मग बर्फाळ पाणी. हृदय थांबलं.
बावन्न मिनिटं सगळे त्या झडपेत वाकलेले,
आणि माझी नजर
समोरच्या हिरव्या टाइलच्याही पलीकडे गेलेली.
कुणाची ती नजर, ते मला उशिरा कळलं.

क्लॅम्प काढला.
आधी नुसती थरथर, पातेल्यात दूध हलतं तशी.
मग एक ठोका. मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

हे पुढचं बाबांना माहीत नाही.
त्यांच्या बोटांखाली ती दोरी
कधी परत उडाली नाही.

रात्री फोन केला. छातीचं घेतलं, म्हटलं.
पलीकडे कुत्रं भुंकत होतं, वारा होता.
यंदा मेंढ्या शेजारचा मुलगा कापतो, ते म्हणाले,
माझी बोटं सुजतात.
ठेवणार इतक्यात:
"हात ऊन पाण्याने धुतेस ना?
थंड हात आत घालू नये.
जीव दचकतो."